हामेल्न की ब्रेमेन? एकच दिवस असेल तर

हॅनोव्हरला राहणाऱ्यांकडं आईबाबा नाहीतर मित्र आले की एका दिवसात जाऊन येण्यासारखं गोष्टीतलं गाव कुठलं, हा प्रश्न हमखास निघतो आणि दोनच नावं पुढं येतात, पुंगीवाल्याचं हामेल्न आणि गाढव-कुत्रा-मांजर-कोंबड्याचं ब्रेमेन. दोन्ही छान आहेत वगैरे सगळे सांगतात पण त्यानं ठरवायला काही मदत होत नाही, म्हणून मी सरळ बाजू घेऊन लिहितेय.

आधी प्रवास, कारण अर्धा निर्णय तिथंच होतो. हॅनोव्हरहून हामेल्नला एस-५ ही एस-बान, म्हणजे लोकल गाडी, जाते, पाऊण तासाच्या आसपास, बदलाबदली नाही. ब्रेमेनला साध्या रिजनल ट्रेननं साधारण सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर लोकल-रिजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, असेल तर दोन्हीकडं वेगळा खर्च नाही, नसेल आणि तीन-चार जण असाल तर नीडरझाक्सन टिकेट, म्हणजे या राज्याचं दिवसभराचं एकत्र तिकीट, काढा, ते ब्रेमेनलाही चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच आणि आयसी-आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत अजिबात नाही. हॅम्बुर्गहून निघणार असाल तर मात्र फार विचार करू नका, ब्रेमेन तासा-सव्वातासावर आहे आणि हामेल्नला आधी हॅनोव्हर गाठून मग पुढं, जाऊन-येऊन दिवस गाडीतच जातो.

आता गोष्ट. हामेल्नचा मुद्दा असा की तिथं गोष्ट खरंच त्या गावाचीच आहे, आणि लहानपणी ऐकली त्यापेक्षा बरीच काळी आहे. १६०२-०३ मध्ये बांधलेलं एक देखणं दगडी घर आहे, पुंगीवाल्याचं घर म्हणूनच ओळखतात, त्याच्या बाजूच्या भिंतीवर लेख आहे की १२८४ साली २६ जूनला रंगीबेरंगी कपडे घातलेल्या एका वादकानं गावात जन्मलेली १३० मुलं नेली आणि ती कोप्पेन नावाच्या डोंगरापाशी हरवली. बस. त्यात उंदीर नाहीतच! उंदीर गोष्टीत आले ते सोळाव्या शतकात, म्हणजे मुलं आधी गेली आणि उंदीर पावणेतीनशे वर्षांनी आले. मुलांचं खरं काय झालं यावर अंदाज बरेच आहेत, त्यातला जास्त मानला जाणारा म्हणजे पूर्वेकडं नवी गावं वसवायला माणसं गोळा करणारा कुणी दलाल तरुण पोरांना घेऊन गेला. त्या घराला लागूनच बुंगेलोझन-श्ट्रासं नावाची गल्ली आहे, मुलं याच वाटेनं गेली म्हणून तिथं आजही वाजवायचं-नाचायचं नाही, लग्नाची वरातसुद्धा तेवढ्यापुरती गप्प होते. ब्रेमेनमध्ये असं आतून हलवणारं काही नाही, खरं सांगायचं तर त्या गोष्टीतले वादक व्हायला निघालेले चार प्राणी ब्रेमेनला कधी पोचतच नाहीत, वाटेतच चोरांना पळवून त्यांच्या घरात मुक्काम ठोकतात, आणि तरी शहरानं त्यांचा पुतळा उभा केलाय, याची मला मजा वाटते.

तो पुतळा गेरहार्ड मार्क्सनं १९५३ मध्ये केलेला, टाउन हॉलच्या एका कडेला, आणि अपेक्षेपेक्षा चांगलाच लहान, बरेच जण "एवढाच?" असं म्हणतात. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची, एका हातानं धरलं तर म्हणे एक गाढव दुसऱ्या गाढवाला भेटलं असं होतं. हात लावून लावून ते पाय देवळातल्या कासवासारखे चकचकीत झालेत. जवळच जमिनीत एक गोल झाकण आहे, फटीत नाणं टाकलं की चौघांपैकी एकाचा आवाज येतो, लहान मुलं तिथून हलत नाहीत, सुटे पैसे ठेवा.

पण ब्रेमेनला गोष्टीसाठी जायचंच नसतं, शहरासाठी जायचं. १४०४ चा, शहराच्या स्वातंत्र्याचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या रोलांड या वीराचा उंच दगडी पुतळा आणि त्यामागचा टाउन हॉल, दोन्ही मिळून २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. मग श्नोअर या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्या, आणि ब्योट्शर-श्ट्रासं, कॉफीच्या धंद्यात पैसा कमावलेल्या रोझेलिउसनं १९२० च्या दशकात नव्यानं बांधून घेतलेली विटांची गल्ली, तिथं पोर्सलीनच्या ३० घंटा दुपारी वाजतात. पाऊस लागला तर स्टेशनसमोरच उबरझे हे जगभरच्या संस्कृतींचं म्युझियम आहे, आत अख्खी दुपार जाते. हामेल्नला पाऊस म्हणजे गावचं म्युझियम, एखादं कॅफे, आणि मग लवकरची गाडी.

हामेल्न एरवी अडीच-तीन तासांत पायी होतं, वस्ती साठ हजारांच्या आतबाहेर, सगळं जुनं गाव एकमेकाला लागून, लाकडी चौकटींची घरं, रस्त्याच्या फरशीत बसवलेली उंदरांची चिन्हं बघत चालायचं. गुडघे दुखणाऱ्यांना हे सोयीचं, ब्रेमेनमध्ये ट्राम आहे पण श्नोअरमधले दगड पायाला टोचतात आणि चालणंही जास्त. लग्नघर नावाच्या जुन्या इमारतीवर १:०५, ३:३५ आणि ५:३५ ला घंटांबरोबर बाहुल्या फिरून गोष्ट दाखवतात, एक चुकलं तर पुढचे दोन-अडीच तास गेले, त्यामुळं जेवण त्या हिशोबानं. काही हॉटेलांत उंदराच्या शेपट्या असा पदार्थ मिळतो, ते पोर्कचे लांब तुकडे असतात, शाकाहारी मंडळींना आधी सांगून ठेवा. पावापासून केलेले कडक उंदीर मिळतात ते शोभेचे, खायचे नाहीत.

आता माझं मत. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा रविवार असेल तर डोळे मिटून हामेल्न, कारण त्या दिवशी दुपारी बाराला लग्नघरासमोर गावातलेच हौशी लोक पुंगीवाल्याचं नाटक करतात, फुकट, पोरं उंदरांच्या वेषात, जर्मन येत नसलं तरी अडत नाही कारण गोष्ट आपल्याला पाठ असते. रविवारी दुकानं बंद असतात, खरेदीची आशा नको. हिवाळा असेल, किंवा शनिवार असून सोबत शॉपिंगवालं कुणी असेल, किंवा पाहुण्यांची जर्मनीतली ही एकच ट्रिप असेल तर ब्रेमेन. चार-पाच वर्षांची मुलं असतील तर मी ब्रेमेनच म्हणेन, हामेल्नमध्ये "मग ती मुलं परत आली का?" हा प्रश्न येतो आणि परतीच्या गाडीत पाऊण तास तोच चालतो.

नाटक बघायचं तर साडेअकरापर्यंत चौकात उभं राहा, मागं उभं राहिलं की मुलांना खांद्यावर घ्यावं लागतं.