रंगीत तालमीसाठी साडेतीन तारे

चौथीच्या वर्गाला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक कला मी चांगलीच कमावली आहे. अवघड प्रश्न आला की "ते आपण पुढच्या तासाला बघू" म्हणायचं. तो पुढचा तास कधी उजाडत नाही, आणि मुलांना हे माझ्याइतकंच ठाऊक असतं.

हे कुठेतरी खुपत होतं म्हणून प्राथमिक शिक्षकांसाठीच्या एका प्रशिक्षणाला नाव घातलं. विषय होता, सामाजिक शास्त्रं आणि त्यातले अवघड विषय लहान मुलांना कसे शिकवायचे. सहा आठवडे, आठवड्याला दोन ऑनलाइन सत्रं आणि शेवटी दोन दिवस समोरासमोर. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं उणंदुणं काढणार आहे.

पहिले तीन आठवडे सरळ सोसायचे. आधी रेकॉर्ड करून ठेवलेले व्हिडिओ, त्यात स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवणारा आवाज, आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी पाच प्रश्नांची चाचणी. उत्तर चुकलं तर पुन्हा टिचकी मारायची, तेही चुकलं तर तिसऱ्यांदा. व्हिडिओ न बघताही मला शंभर टक्के पडले, हे इथे कबूल करून टाकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेला विचार, म्हणजे कुठलाही विषय कुठल्याही वयाच्या मुलाला प्रामाणिकपणा न सोडता शिकवता येतो, हा तीन आठवड्यांत इतक्या वेळा आला की आमच्या गटातल्या एक बाई तो येताच नमस्कार करायच्या. येतो शिकवता, मान्य. पण उद्या सकाळी पहिल्या तासाला काय बोलू?

व्हिडिओंच्या त्या रखरखाटात एक सत्र मात्र जिवंत निघालं. डायना हेस या अमेरिकन अभ्यासिकेने प्रश्नांचे दोन ढीग केले आहेत. काही प्रश्न खुले असतात, म्हणजे नीट माहिती असलेली, समजदार माणसंही त्यावर वेगवेगळ्या बाजूंना उभी राहतात. काही मिटलेले असतात. आम्हाला वीस चिठ्ठ्या देऊन ढीग करायला सांगितलं. 'मतदानाचं वय सोळा करावं का?' ही खुल्या ढिगात गेली. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते केलं, बऱ्याच देशांत अठराच आहे, आणि दोन्हीकडे सांगण्यासारखी कारणं आहेत. 'गुलामगिरी चूक होती का?' ही मिटलेल्या ढिगात गेली. तिथे "दोन्ही बाजू ऐकू या" म्हणणं हा मोठेपणा नाही, पळवाट आहे. मग आली 'हवामानबदल माणसामुळे होतोय का?' आमच्यातले एक सर ती खुल्या ढिगात ठेवायला निघाले, "लोकांचं एकमत नाही ना" म्हणून. मार्गदर्शक मॅडमनी तिच्याशेजारी दुसरी चिठ्ठी ठेवली: 'हवामानबदलावर आधी काय करावं?' पहिली पुराव्याने मिटलेली, दुसरी खुली. लोक भांडतात म्हणून प्रश्न खुला होत नाही, एवढं कळायला मला एकोणीस वर्षं आणि दोन चिठ्ठ्या लागल्या. आजवर वर्गात मी नेमकं उलटं करत आले होते. भांडण होईल अशा प्रत्येक गोष्टीला "ज्याचं त्याचं मत" म्हणून हात झटकायचे आणि खरोखर खुल्या प्रश्नावर मात्र माझंच मत उत्तर म्हणून फळ्यावर लिहायचं. जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटल्सबाख इथे याच दुखण्यावर काही गोष्टी ठरल्या होत्या: शिक्षकाने मुलांवर मत लादायचं नाही, आणि समाजात जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचंच दिसलं पाहिजे. ते तेवढ्याच सत्रात येऊन गेलं. एवढ्या कामाच्या गोष्टीला दहा मिनिटं आणि चाचण्यांना तीन आठवडे!

आता खरा माल. समोरासमोरच्या दोन दिवसांत त्यांनी आम्हाला उभं केलं. अध्यापक विद्यालयातलं सूक्ष्म अध्यापन आठवतंय ना, सहा मिनिटांचा पाठ, मागे बसलेल्या मैत्रिणी शहाण्या मुलांसारख्या हात वर करणार आणि ठरलेली उत्तरं देणार? हे तसं नव्हतं. इथे पाठ घ्यायचाच नव्हता. फक्त तो एक क्षण घ्यायचा, जिथे मूल प्रश्न विचारतं आणि आपल्या घशाला कोरड पडते. चौघं-पाचजण मुलं होणार, एकजण शिक्षक, आणि मॅडम कधीही "थांबा, मागे या" म्हणणार.

माझ्या वाट्याला हिरोशिमाची सादाको सासाकी आली. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. वाचली, शाळेत गेली, पळण्यात पटाईत होती. १९५५ मध्ये रक्ताचा कर्करोग निघाला. कागदाचे हजार क्रौंच पक्षी केले की इच्छा पुरी होते असं ऐकून रुग्णालयात कागदाचे क्रौंच करत राहिली, कागद संपले तर औषधांच्या वेष्टनांचे. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला गेली, बारा वर्षांची. मी गोष्ट सांगितली, आवाज वगैरे छान लावला. मग मूल झालेल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "बाई, पण तिचा काय दोष होता?"

मी सुरू झाले. दुसरं महायुद्ध, अणुशक्ती, शांततेचं महत्त्व. "थांबा," मॅडम म्हणाल्या. "त्याने एक ओळ विचारली. तुम्ही दोन मिनिटं बोललात, आणि उत्तर दिलं नाहीत. मागे या." दुसऱ्यांदा मी हुशारी केली: "छान प्रश्न! तुला काय वाटतं?" पुन्हा थांबा. "त्याला जे वाटतं ते त्याने विचारलंय. आता पुन्हा त्याच्याच गळ्यात घालू नका." तिसऱ्यांदा मला बोलताच येईना. शेवटी म्हटलं, "काहीच दोष नव्हता. युद्धात ज्यांचा काही दोष नसतो तीही माणसं मरतात." आणि गप्प राहिले. कुणी थांबवलं नाही. मोठ्या माणसांच्या त्या खोलीत, खोट्या वर्गात, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे अठ्ठेचाळीस मुलांसमोर पहिल्यांदा झालं असतं तर काय, हा विचार तेव्हाच आला.

त्या गप्प राहण्याचाही त्यांनी सराव घेतला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतो आणि तीन सेकंद थांबला तर मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात, हे मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-अभ्यासिकेने पूर्वीच दाखवलेलं आहे. स्टॉपवॉच लावल्यावर माझा सव्वा सेकंद भरला. तीन सेकंद किती मोठे असतात हे स्वतः उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सादाकोच्याच पाठात आणखी एक चांगली खोच होती. लहान मुलांसाठी सांगितल्या जाणाऱ्या प्रसिद्ध गोष्टीत तिचे ६४४ क्रौंच होतात आणि उरलेले मैत्रिणी पुरे करतात. हिरोशिमाच्या संग्रहालयात मात्र असं सांगतात की तिने ऑगस्टअखेर हजार पुरे केले होते आणि पुढेही ती करत राहिली. म्हणजे इच्छा पुरी व्हायला हवी होती, नाही का? दोन्ही माहित्या मुलांपुढे ठेवा आणि विचारा, कुणाचं खरं धरायचं आणि कशावरून. महिन्याभराने मी हे वर्गात केलं. आधी सगळे ६४४ च्या बाजूने, कारण ती गोष्ट जास्त रडवणारी. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, संग्रहालयवाल्यांना तिच्या घरचे लोक भेटले असतील ना?" पुरावा हा शब्द मी तोवर उच्चारलाही नव्हता. तास संपवताना १९५८ मध्ये उभारलेलं मुलांचं स्मारक दाखवलं, त्यासाठी तिच्या वर्गमित्रांनी पैसे जमवायला सुरुवात केली ते सांगितलं. अवघड विषयात मुलांना हात धरून आत न्यायचं, तसं हात धरून बाहेरही आणायचं, हे प्रशिक्षणातलंच. आधी मी त्यांना रडवेलं करून घंटा झाली की गणिताच्या हवाली करत असे.

एका सत्रावर मात्र माझं त्यांच्याशी पटलं नाही. जेन इलियट या शिक्षिकेने एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लगेच, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या आपल्या तिसरीच्या वर्गात, भेदभाव कसा असतो हे मुलांना कळावं म्हणून, डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे दोन गट पाडले, एकाला श्रेष्ठ ठरवलं, मग उलट केलं. सत्रात त्याचं भरभरून कौतुक झालं आणि शेवटी घाईघाईने, "पण तुम्ही असं करू नका." का नको, यावर चर्चा हवी होती. आठ वर्षांच्या मुलांना आधी विचारलेलं नव्हतं, आणि दिवसभर कनिष्ठ ठरलेलं मूल संध्याकाळी घरी काय घेऊन जातं हा साधा प्रश्न कुणी काढला नाही. मी काढला. वेळ संपली होती.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. यांच्या लेखी अवघड विषय म्हणजे युद्ध, गुलामगिरी, भेदभाव, थोडक्यात लांबचं काहीतरी. घरापासून सुरुवात करून हळूहळू जगाकडे जायचं, कारण घर सोपं, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. माझ्या वर्गातला सगळ्यात अवघड पाठ 'माझे कुटुंब' हा आहे. दोन वर्षांपूर्वी मी वंशवृक्ष करून आणायला सांगितला होता. एका मुलाने सगळ्या चौकटी रंगवल्या, पानं काढली, आणि वडिलांच्या चौकटीत शिंपलं चिकटवून आणलं. "हे काय रे?" मी सगळ्यांसमोर विचारलं. "तिथे काही नाहीये, म्हणून सजवलं," तो म्हणाला. त्यावर मी "छान" म्हणाले. आजही तो "छान" मला मागे घ्यायचाय. अशा क्षणाची तालीम हवी होती मला. सहा आठवड्यांत यावर एक स्लाइड होती, 'संवेदनशीलता बाळगा' अशी, शेजारी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र.

तर जावं का? व्हिडिओंसाठी नको. दोन दिवसांसाठी जरूर, आणि शक्य असेल तर आपल्याच शाळेतल्या एखाद्या बाईंना किंवा सरांना सोबत घेऊन, कारण नंतर स्टाफरूममध्ये "थांबा, मागे या" म्हणायला कुणीतरी लागतं. नाव घालण्याआधी त्यांना एवढंच विचारा की मी स्वतः किती मिनिटं उभी असणार. माझी भरली साधारण पंचवीस. सहा आठवड्यांत पंचवीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण वर्गात मला उपयोगी पडलं ते जवळपास सगळं त्यातलंच.

अभिप्रायाच्या अर्जात वंशवृक्षाचा प्रसंग सविस्तर लिहून, त्यावर एक तालीम घाला अशी विनंती केली. तीन दिवसांनी उत्तर आलं: "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." सोबत प्रमाणपत्र होतं. त्यावर माझं आडनाव चुकलंय.