पक्ष्याच्या मेंदूत काय मोजायचं: एन्झाइम की ताण-प्रथिनं?

कीटकनाशकाने पक्ष्याच्या मेंदूचं काय केलं हे तपासायचं ठरलं, की पहिला पेच पडतो तो मोजायचं काय याचा. मळलेली वाट म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम. दुसरी वाट ताण-प्रथिनांची, म्हणजे पेशीवर ताण आला की वाढणाऱ्या प्रथिनांची, त्यातही एचएसपी-७० ची. प्रकल्पाचा आराखडा लिहिणाऱ्यांना दुसरी जास्त खुणावते. ती वाईट नाही, पण तिच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात.

आधी एन्झाइम. मज्जापेशींच्या सांध्यावर अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचा निरोप पोहोचला की हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि निरोप थांबतो. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकं नेमकी याच एन्झाइमला जखडतात. निरोप थांबतच नाही, आणि शेवटी श्वास बंद पडून पक्षी मरतो. विष आणि मरण यांच्यामधली कडी इतकी थेट क्वचितच सापडते. चाचणीही साधी: १९६१ साली प्रसिद्ध झालेली एलमन पद्धत. मेंदूचा लगदा करून त्यात रसायनं घातली की निरोगी नमुन्यात बघता बघता पिवळा रंग चढतो, विषबाधेच्या नमुन्यात तो रेंगाळतो. ४१२ नॅनोमीटरला वाचन घ्यायचं, झालं. एन्झाइमची क्रिया २० टक्क्यांहून जास्त घटली तर संपर्क आला असं धरतात. मेलेल्या पक्ष्यात घट ५० टक्क्यांवर गेली तर मरणाचं कारण तेच, असं मानण्याचा प्रघात आहे.

खोच आहे ती ‘घटली’ या शब्दात. कशाच्या तुलनेत? त्याच जातीचे, साधारण त्याच वयाचे निरोगी पक्षी हाताशी हवेत. घरट्यातल्या पिल्लांच्या मेंदूत हे एन्झाइम मुळात कमी असतं आणि वाढीबरोबर चढत जातं. प्रौढांचा आकडा समोर ठेवून पिल्लांना विषबाधित ठरवणं सहज घडतं. शिवाय कार्बामेटची पकड सैल असते. नमुना टेबलावर उबेत राहिला तर एन्झाइम सुटून पुन्हा कामाला लागतं आणि पुरावा पुसला जातो. पण त्याच सैलपणाचा उपयोगही होतो: लगदा ३७ अंशांवर ठेवल्यावर क्रिया परतली तर संशय कार्बामेटवर, उबेने काही झालं नाही पण २-पॅम हे औषध घातल्यावर परतली, तर ऑर्गनोफॉस्फेटवर. गुन्हेगाराचं घराणं कळतं, नाव नाही.

ताण-प्रथिनांचा स्वभावच वेगळा. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा यांनी उष्णता दिलेल्या फळमाशीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे पाहिले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या बिघडू लागल्या की ही मंडळी धावून येतात, घड्या नीट करतात. नावातला ७० म्हणजे सुमारे ७० किलोडाल्टन वजन. कीटकनाशकामुळे पेशीत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला की यांचं प्रमाण चढू शकतं. पण ते उन्हाने चढतं, उपासमारीने चढतं, आजारानेही चढतं. जाळ्यात बराच वेळ लटकलेल्या पक्ष्याच्या वाढलेल्या एचएसपी-७० चा दोष फवारणीला द्यायचा की जाळ्याला? त्यात मेंदूत एचएससी-७० नावाचं सख्खं भावंड कायमच भरपूर असतं. मोजणीसाठी वापरलेली अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) दोघांनाही चिकटणारी निघाली, तर ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, सगळ्या नमुन्यांत सारखाच जाड पट्टा दिसतो आणि आठवड्याचं काम पाण्यात जातं. आणखी एक: डोस फार वाढला की पेशीला प्रथिनं बनवणंच जमेनासं होतं आणि आकडा उलट खाली येतो. म्हणजे कमी आकडा दिसला की पक्षी सुखरूप, असंही म्हणता येत नाही.

मग ही वाट धरायची कधी? प्रश्न निओनिकोटिनॉइड किंवा पायरेथ्रॉइड या गटांतल्या कीटकनाशकांचा असेल तेव्हा. पहिला गट मज्जापेशीवर निरोप झेलणाऱ्या निकोटिनिक ग्राहकांवर बसतो, दुसरा तिच्यातल्या सोडियमच्या वाहिन्यांवर. एन्झाइमला हात लागत नाही, त्यामुळे एलमनचा पिवळा रंग छान चढतो आणि पक्षी मात्र आजारी असतो. इथे ताण-प्रथिनं काहीतरी बोलतात. फक्त सोबतीला ऊतीतल्या अवशेषांचं रासायनिक विश्लेषण हवंच, आणि तितकाच वेळ हाताळलेला, पण विष न दिलेला गटही हवा. पक्षी मारायचा नसेल तर एक सोय आहे: पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे रक्ताच्या थेंबातही ताण-प्रथिनं मोजता येतात. ते मेंदूचं चित्र नव्हे, हे अहवालात स्पष्ट लिहावं.

माझा कौल असा: शेतात मेलेले पक्षी सापडले असतील तर एन्झाइमपासूनच सुरुवात करा. ताण-प्रथिनं एकटी घेऊन कुठल्याही कीटकनाशकावर बोट ठेवू नका. पैसे आणि वेळ दोन्ही असेल तर एकाच मेंदूवर दोन्ही करा. चिमणीचा मेंदू जेमतेम ग्रॅमभर असला तरी पुरतो, मात्र तो गोठवण्याआधी मधोमध, डावा-उजवा असा कापायचा. पुढचा-मागचा कापला तर दोन तुकड्यांत मेंदूचे वेगवेगळे भाग जातात, आणि एन्झाइम सगळ्या भागांत सारखं नसतं. एक अर्धा एलमनसाठी, दुसरा ब्लॉटसाठी, दोन्ही उणे ८० अंशांवर, आणि पक्षी पकडल्याची वेळ दोन्ही नळ्यांवर.