तराजूवर चढवण्याआधी पाजलेलं बेसन

आरेतल्या आमच्या पाड्यावर शेळ्या नव्या नाहीत. माझं माहेर डहाणूकडचं, करडांच्या मागे धावतच मी मोठी झाले. तरी ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमची फसवणूक झाली आणि त्यात एक जीव जाता जाता राहिला. करडू विकत घ्यायचं कोणाच्या मनात असेल तर त्यांनी हे जरूर वाचावं.

आमच्याकडे एकच शेळी उरली होती. एकटी शेळी दिवसभर ओरडत राहते, धड चरत नाही, म्हणून जोडीला एक पाट, म्हणजे मादी करडू, घ्यायचं ठरलं. हायवेलगत शनिवारी टेम्पो येतो, असं दिरांनी सांगितलं. गेलो तर मागच्या फळीवर दहा-अकरा करडं. सगळी काळी, तुकतुकीत, पोटं गोल गरगरीत. विकणारा बोलायला गोड. "ताई, उस्मानाबादी आहे. तीन महिने पूर्ण, दूध तुटलंय, लस झालीय. ही जात जुळी देते." उस्मानाबादी बऱ्याचदा जुळी देते हे खरंच आहे, त्यामुळे बाकीच्या गोष्टींवरही विश्वास बसला. कानात पिवळा बिल्ला होता, हातात लसीकरणाचा कागद दिला.

भाव ५०० रुपये किलो, जिवंत वजनावर. काट्याला अडकवलं, ८ किलो ४०० ग्रॅम भरलं. ४२०० रुपये मोजले. काटा मी स्वतः पाहिला होता, त्यात खोट नव्हती. खोट करडाच्या पोटात होती.

घरी आणल्यावर चिंगी, हे नाव धाकटीने रिक्षातच ठेवलं, पाण्याच्या घमेल्याला तोंड लावून बराच वेळ पीतच राहिली. एवढी तहान मी कधी पाहिली नव्हती. मग कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, पाठ कमानीसारखी, मान खाली. संध्याकाळी डावी कूस फुगली. हाताने हलवलं तर आत पखालीतल्यासारखं खळखळ वाजलं. दात करकरा खात होती. जनावर असे दात खातं तेव्हा त्याला पोटात कळ येत असते. रात्री आठला हगवण सुरू झाली. फेसाळ, पिवळसर, भज्यांच्या पिठासारखी, आणि वास आंबलेल्या पिठाचा. सासूबाई शेपटी पुसत होत्या. बोटाला लागलेलं त्यांनी हुंगलं आणि म्हणाल्या, "हे पाल्याचं नाही. हे बेसन आहे."

मी विकणाऱ्याला फोन लावला. त्याने उचलला, हे विशेष. म्हणाला, पावसातला ओला पाला खाल्ला असेल, मुंबईची हवा लागली असेल, घाबरू नका, आमचे डॉक्टर आहेत. त्या 'डॉक्टरां'नी फोनवरच निदान केलं. "मोठा आजार आहे, सकाळपर्यंत टिकणार नाही, पण माझ्याकडे बाहेरून आलेलं औषध आहे. ९०० रुपये पाठवा, तासाभरात माणूस येईल." आम्ही पाठवले. माणूस आलाच नाही. अकरानंतर दोन्ही फोन बंद. पैशांपेक्षा मला त्या तीन तासांचा राग येतो. त्या वेळात आम्ही चिंगीच्या तोंडात पाणी घालायचं सोडून गेटकडे बघत बसलो होतो.

रात्री साडेअकराला सासूबाईंनीच सूत्रं हातात घेतली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे, सपाट. सुई काढलेल्या सिरिंजने ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं, दर तासाला पन्नास-साठ मिली. डोकं उंच करायचं नाही, हे त्या मला दहादा बजावत होत्या. मान वर ताणली की पाणी फुप्फुसात जातं, आणि मग जुलाबाने नाही तर न्यूमोनियाने करडू मरतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती, परत बसायला दोन-तीन सेकंद लागत होते. अंगातलं पाणी गेल्याची ही खूण. तोंडात बोट घातलं तर गार लागत होतं. गोणपाटात गुंडाळून तिला मी मांडीवर घेऊन बसले.

पहाटे निघालो. हगवणीचा नमुना एका झाकणाच्या डबीत घेतला. वांद्र्यापर्यंत रिक्षा, पुढे रिक्षा जात नाही म्हणून टॅक्सी. तीन टॅक्सीवाल्यांनी करडू पाहून काच वर केली, चौथ्याने मागच्या सीटवर स्वतः गोणपाट अंथरलं. परळला जुनी माणसं ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तिथे गेलो. त्याला लागूनच १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत शेळीला कुठे न्यायचं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ताप पाहिला. शेळीचं अंग साधारण १०२-१०३ फॅरनहाइट असायला हवं, चिंगीचं ९९ होतं. मग घशात बॅटरी मारून मला दाखवलं. आत लाल ओरखडा होता, नळी खुपसल्याचा. वजन केलं तर ६ किलो ९०० ग्रॅम. एका रात्रीत दीड किलो कमी. काही हगवणीत गेलं, पण बरंचसं तिचं कधी नव्हतंच. आम्ही पिठाचं पाणी ५०० रुपये किलोने विकत घेतलं होतं.

त्यांनी जे समजावलं ते मी इतक्या वर्षांत कधी नीट ऐकलं नव्हतं. करडू आचळ किंवा बाटली चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं. नळीने ओतलेलं मात्र मोठ्या पोटात पडून राहतं. तिथे बेसन झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, पचवणारे जंतू मरतात. ते आम्ल रक्तातलं पाणी पोटात ओढून घेतं, म्हणून पोट खळखळतं आणि बाकी अंग सुकतं. वर मीठ चारलेलं असलं तर जनावर स्वतःच पाणी पिऊन पिऊन वजन वाढवतं. विकणारे काट्याआधी हे मुद्दाम करतात. चिंगी दोन महिन्यांचीही नसेल, असं त्या म्हणाल्या. आईपासून नुकतीच तोडलेली. दूध तुटलं नव्हतं, तोडलं होतं.

सलाइन लावलं, पोटातलं आम्ल मारायला सोड्याचं पाणी वजनाप्रमाणे मोजून दिलं. डबीतल्या नमुन्यात कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, हेही सापडले. त्याचं औषध वेगळं असतं आणि तपासल्याशिवाय कळत नाही. घरातल्या माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका, असंही त्यांनी बजावलं. मी तोपर्यंत दिल्या नव्हत्या, पण पर्समध्ये होत्या.

मग त्यांनी कागद पाहिला. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. कागदावर महिन्यापूर्वीची तारीख होती, म्हणजे विकणाऱ्याच्याच हिशेबाने करडू तेव्हा दोन महिन्यांचं. खाली सही होती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. बिल्ल्याचे आकडे धाकटीने घरी येऊन मोजले. सरकारी बिल्ल्यावर बारा असतात. यावर अकरा होते.

पुढचे आठ दिवस सांगण्यासारखं फार नाही, फक्त कष्ट आहेत. पहिला दिवस नुसतं मीठ-साखरेचं पाणी. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या शेळीचं दूध, कोमट, बाटलीने, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. बाटली आचळाच्या उंचीला धरायची. दाणा, भाकरी, भात बंद. तिसऱ्या दिवशी वाळलेलं गवत, पाचव्या दिवशी फणसाची दोन पानं. हगवण घट्ट होत गेली. सातव्या दिवशी मागे लेंड्या दिसल्या, तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बाहेर बोलावलं. मी दिवसातून चारदा डाव्या कुशीवर मूठ टेकवून बसायचे. बरी शेळी असेल तर मिनिटाला एक-दोनदा आतून मूठ उचलली जाते. पहिले तीन दिवस आत काहीच हललं नव्हतं.

आता करडू घेणाऱ्यांसाठी. काट्याआधी डावी कूस बोटांनी दाबा. चरलेल्या जनावराचं पोट मळलेल्या कणकेसारखं लागतं, पाजलेल्याचं ताणलेलं आणि आतून हिंदकळतं. नाक-ओठांवर पिवळं वाळलेलं काही आहे का, आवाज बसलाय का, खोकतंय का, बघा. सगळ्या करडांची पोटं एकसारखी गोल असतील तर तिथून निघा. शक्य असेल तर दोन तास थांबा, समोर गवत टाका. भुकेलं करडू खाईल, भरलेलं तोंडही लावणार नाही. मी तिथे दहा मिनिटं थांबले होते.

आणि विकणाऱ्याने दिलेल्या डॉक्टरला पैसे पाठवू नका. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असतात. नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर चिडत नाही, सांगतो. जनावरांसाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मी दुसऱ्या दिवशी कळवलं, पोलिसांतही अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. औषधं, टॅक्सी आणि ते ९०० धरून साडेतीन हजारांच्या वर गेले, करडाची किंमत वेगळी.

चिंगी आज शेळीमागे बांधावर जाते. पण त्या फळीवर अजून नऊ-दहा करडं होती, तीही त्याच शनिवारी कोणाच्या तरी घरी गेली असणार. आमच्यानंतर एक म्हातारे काका नातवाला घेऊन उभे होते, पाटीच्या पोटावरून हात फिरवत म्हणत होते, "बघ, किती छान भरलीय." त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, किंवा त्यांना ओळखणारं कोणी, आणि करडू पाठ कमान करून कोपऱ्यात उभं असेल, तर आत्ताच दाणा काढून घ्या, मीठ-साखरेचं पाणी सुरू करा आणि सकाळी पहिल्या गाडीने परळ गाठा.