बॉक्सिंगची जिम : दहा महिन्यांचा अनुभव

मी ३६ वर्षांची, एसटीत कंडक्टर, दोन मुलांची आई. कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी, पण बाईला बॉक्सिंग शिकायचं तर जायचं कुठं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आधी एका फिटनेस सेंटरमध्ये गेले. तिथं गाण्याच्या तालावर हवेत हात मारायचे आणि महिनाअखेर किती किलो उतरले ते सांगायचं. दोन महिन्यांत सोडलं. मग डेपोतल्या मैत्रिणीच्या पुतणीनं या जिमचा पत्ता दिला.

जिम वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आहे. पत्र्याचं छत, एक रिंग, ठोसे मारायला टांगलेल्या पाच बॅगा. फी महिना १२०० रुपये. एप्रिल-मेमध्ये आत अक्षरशः भट्टी असते, पाण्याची मोठी बाटली न्या.

पहिल्या आठवड्यात ग्लोव्ह्ज हातात मिळतच नाहीत. आधी हाताला पट्टी बांधायला शिकायचं. फासा अंगठ्यात, मग मनगटाला तीन वेढे, बोटांच्या सांध्यांवरून तीन, प्रत्येक दोन बोटांमधून एकेक, आणि उरलेली परत मनगटावर. सैल राहिली की सर सगळी सोडायला लावतात. पहिल्या दिवशी माझी सहा वेळा सोडली. तेव्हा चिडले होते; पण बॅगेवर रोज इतके ठोसे मारून दहा महिन्यांत एकदाही मनगट दुखलं नाही, आणि रोज मशीन धरणाऱ्या माझ्यासारखीला ते परवडलंही नसतं.

बायकांना इथं वेगळं, हलकं काही नाही. २०१६च्या ऑलिंपिकपर्यंत बायकांच्या बाऊटला, म्हणजे लढतीला, दोन-दोन मिनिटांचे चार राऊंड असायचे. आता पुरुषांसारखेच तीन मिनिटांचे तीन. सरांचं घड्याळही सगळ्यांना तेच. माझा पहिल्याच राऊंडच्या शेवटच्या मिनिटाला हात खाली यायचा, आणि कोपऱ्यातून आवाज यायचा, “ताई, गार्ड! श्वास सोडा!” गार्ड म्हणजे तोंडासमोर उचलून धरलेले हात. ठोसा मारताना श्वास रोखला की दम लगेच जातो, हे तिथं कळलं.

स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, पहिले तीन महिने नाही. नंतर फक्त शनिवारी, साधारण आपल्याच वजनाच्या बाईबरोबर, हेडगार्ड आणि १६ औंसाचे ग्लोव्ह्ज घालून. मला पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी रडत नव्हते, नाकावर बसलं की येतंच. समोरची मुलगी घाबरून थांबली, सॉरी म्हणाली. सर तिला म्हणाले, “सॉरी नको, ताईंना परत गार्ड घेऊ दे आणि चालू ठेव.” त्या वाक्यानं मला इतकं बरं वाटलं! मला तिथं कुणी जपून ठेवत नव्हतं, शिकवत होतं.

या जिमला मी मनापासून चांगलं म्हणते ते वजनाच्या एका प्रसंगामुळं. जिल्हा स्पर्धेआधी एका सतरा वर्षांच्या पोरीचं वजन ५१ किलो ३०० ग्रॅम भरत होतं. तिचे वडील म्हणाले, “सर, ५० किलोच्या गटात उतरवू. दोन दिवस पाणी कमी करते, रेनकोट घालून पळते.” सरांनी भिंतीवरच्या मेरी कोमच्या फोटोकडं हात केला. “दादा, लंडनला हिचा ४८चा गटच नव्हता. ही वर ५१ मध्ये खेळली आणि ब्राँझ घेऊन आली. पोरगी ५२ला खेळंल. वजनाला जेवून जाईल.” पोरगी ५२ मध्ये खेळली आणि सेमीफायनलला ३-२ अशी हरली. पाचांतल्या दोन जजनी तिलाच दिलं होतं. सोमवारी संध्याकाळी ती दोरीवर उड्या मारत होती. सुकवून, चक्कर येईस्तोवर पळवून पोरींना रिंगात उभं करणारी माणसं मी त्याच स्पर्धेत बघितली, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

मेरी कोमचं आणखी एक मी घरी सांगत असते. २००७ मध्ये तिला जुळी मुलं झाली आणि २००८ मध्ये ती परत जगज्जेती झाली. सासूबाई आता शनिवारी मुलांचं आवरून देतात.

आता तक्रार. कपडे बदलायला फक्त एक पडदा आहे, आणि बाथरूमच्या दाराला कडी नाही. एकीनं बाहेर उभं राहून दार धरायचं. पाळीच्या दिवसांत पोरी यायचंच टाळतात. मी जूनमध्ये सांगितलं, दिवाळीला परत सांगितलं, अजून लागलेली नाही. राऊंड बरोबरीचे देणाऱ्या सरांनी एवढी कडी लावावी, ही कळकळीची विनंती.

जिमचे ग्लोव्ह्ज ओलसर असतात, वास येतो. पट्ट्या, माउथगार्ड आणि जमलं तर ग्लोव्ह्ज स्वतःचेच घ्या. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर नीट बसवा, नाहीतर सर रिंगात चढू देत नाहीत. मुलीला घालायचा विचार असेल तर शनिवारी सकाळी सातला या आणि बाकड्यावर बसून स्पॅरिंग बघा. कुणी हटकत नाही, आणि माझी पहाटेची ड्युटी नसेल तर मीही तिथंच असते.