शॅकल्टन ते पार्दो : विकिट्रीवर घेतलेला वंशाचा माग

३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीच्या ‘येल्चो’ या छोट्या जहाजाने, लुईस पार्दो यांच्या नेतृत्वाखाली, अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर साडेचार महिने अडकलेल्या २२ जणांची सुटका केली. ध्रुवीय संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतल्या या माणसांची आणि त्यांना सोडवणाऱ्यांची घराणी पाहावीत, म्हणून मी विकिट्री ही वंशावळीची मोफत ऑनलाइन सेवा वापरली.

येथे सर्वांनी मिळून वाढवलेला एकच वंशवृक्ष आहे. रक्ताचे नाते आणि सोयरिकीतून जुळणारा दुवा यांसाठी मात्र दोन स्वतंत्र साधने आहेत, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण सोयरिकींची साखळी लांबवत नेली तर जवळपास कोणीही कोणाशीही जोडता येतो.

बेटावरची तुकडी सांभाळणाऱ्या फ्रँक वाइल्ड यांच्या आईचे माहेरचे आडनाव कुक. अठराव्या शतकातले प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक यांचे आपण वंशज, असे हे घराणे मानत असे. एका सशुल्क संकेतस्थळावर ही समजूत मला सरळ रेघेने जोडलेली दिसली, तेव्हा फार वाईट वाटले. कुक यांची सहाही अपत्ये निःसंतान वारली होती. विकिट्रीवर प्रत्येक नोंदीखाली आधार देण्यासाठी जागा असते. ती आधी वाचावी, रेघ नंतर पाहावी.

पार्दो यांचे पूर्ण आडनाव ‘पार्दो विल्यालोन’: पहिले वडिलांकडचे, दुसरे आईकडचे. स्पॅनिश रीतीमुळे आजोळचा धागा नावातच हाती लागतो.