वस्तीच्या कचऱ्यातून ऊर्जा: बायोगॅस, गॅसिफायर की ब्रिकेट?

यंत्रं पाहायला निघण्याआधी आठवडाभर कचरा तोला. ओला वेगळा, सुका वेगळा, रोजच्या रोज. मग त्यातला एक किलो नमुना १०५ अंश सेल्सिअसवर ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. ८०० ग्रॅम उडून गेले, तर तुमच्याकडे ८० टक्के पाणी आहे. असा कचरा जाळायला घेतला की उरलेल्या २०० ग्रॅम कोरड्या भागातून जेमतेम ३.६ मेगाज्यूल उष्णता निघते, आणि त्यातली २ मेगाज्यूलहून जास्त नुसती पाण्याची वाफ करण्यात जाते. त्याची जागा बायोगॅसच्या टाकीत. याउलट दीडशेच ग्रॅम उडाले, तर गॅसिफायर (कमी हवेत तापवून सुक्या मालाचा जळाऊ गॅस करणारं यंत्र) किंवा ब्रिकेट (दाबून केलेली जळाऊ वीट). निम्मा निर्णय या ओव्हनपाशीच होतो.

ओल्याचा हिशोब

रोज २०० किलो निवडलेला स्वयंपाकघरातला कचरा धरू. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की ४०० लिटर स्लरी, म्हणजे पातळ लगदा. ती टाकीत ४० दिवस राहायला हवी, म्हणून टाकी १६ घनमीटरची. गॅस साधारण १७ घनमीटर मिळतो. शेगडीवर जाळला तर साडेसात किलो एलपीजीचं काम करतो. छोट्या इंजिनातून वीज केली तर २५ ते ३० युनिट. गॅस थेट शेगडीवर जाळणं हाच या आकारात शहाणपणाचा वापर, कारण इंजिनात गेलेल्या ऊर्जेतला जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन निघून जातो. ती उष्णता टाकी गरम ठेवायला वापरणार असाल, तर मात्र गणित बदलतं.

जी गोष्ट बहुतेक आराखड्यांत राहून जाते ती अशी: रोज ४०० लिटर आत, म्हणजे रोज जवळपास ४०० लिटर बाहेर. गॅसचं वजन फारसं नसतं. ही स्लरी उत्तम खत आहे, पण ती घेणारी शेती किंवा बाग जवळ नसेल तर महिन्याभरात तुमच्या हाती १२,००० लिटर पातळ डोकेदुखी असेल. शेत नसलेल्या वस्तीने आधी हे सोडवावं, टाकीचं नंतर बघावं.

सुरुवात शेणाने करा. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून टाकी भरा आणि दोन ते चार आठवडे थांबा. पहिला गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि हवाही मिसळलेली असते. तो उघड्यावर सोडून द्या, टाकीच्या तोंडाशी काडी लावून बघू नका. कचरा पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रेत टाकला की टाकी आंबते: आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन हा जळणारा वायू करणारे मागे पडतात. लक्षणं ठरलेली आहेत. आंबूस वास, पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साडेसहाच्या खाली, गॅस येतो पण ज्योत धरत नाही. अशा वेळी आणखी कचरा टाकणं म्हणजे आगीत तेल. भरणा चार-पाच दिवस बंद ठेवा, थोडं ताजं शेण घाला, पीएच सातच्या आसपास आला की पाव मात्रेपासून पुन्हा सुरू करा.

ज्योत हळूहळू बारीक होत फडफडायला लागली तर दोष बहुधा टाकीचा नसतो, पाइपात पाणी साठलेलं असतं. पाइपाला शंभराला एक असा उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. बर्नर आणि पितळी नळ काळे पडून झिजतात ते हायड्रोजन सल्फाइडमुळे. गंजलेल्या लोखंडी किसाने भरलेली नळी वाटेत लावली की तो बराच अडतो. टाकीचं तापमान १५ अंशांखाली गेलं की गॅस जवळजवळ थांबतो.

सुक्याचे दोन रस्ते

गॅसिफायरचा आकडा भुरळ घालतो: २०० किलो वाळलेल्या लाकडातून १३० ते १५० युनिट वीज. (२०० किलो ओल्यात कोरडा माल ४० किलोच असतो, हे तुलना करताना विसरू नका.) अटी कडक आहेत. ओलावा २० टक्क्यांच्या आत, तुकडे दोन ते पाच सेंटिमीटरचे, भुसा आणि पालापाचोळा नको. माल ओला असला की आतलं तापमान उतरतं, टार (धुरातला चिकट डांबरासारखा अंश) पुरता जळत नाही आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटून बसतात. म्हणून रोज सुरू करताना गॅस आधी बाहेरच्या नळीवर पेटवून पाहतात. ज्योत स्थिर झाल्याशिवाय इंजिनाकडे वळवायचा नाही. भाताच्या तुसात वीस टक्क्यांपर्यंत राख असते, ती सिलिकाने भरलेली. लाकडासाठीच्या यंत्रात तूस घातलं तर राखेचे दगडासारखे गोळे होऊन जाळी बुजते.

शिवाय या गॅसमध्ये सुमारे वीस टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नाही. यंत्र बंद खोलीत नको, गळतीची सूचना देणारा सेन्सर हवाच. गॅस धुतलेल्या पाण्यात फिनॉल हे विषारी रसायन उतरतं, ते गटारात सोडता येत नाही. यंत्र चालू असेपर्यंत जाणता माणूस शेजारी उभा असायला हवा. तसा पगारी माणूस नसेल तर हा पर्याय यादीतून काढा, आम्ही तरी काढू.

ब्रिकेटमध्ये मिरवण्यासारखं काही नाही, पण ती साठवता येते. भुसा, टरफलं, काड्या दळून दाबल्या की पसरट ढीग घट्ट, रचता येईल असा होतो आणि किलोला १५ ते १८ मेगाज्यूल देतो. दाबताना ओलावा ८ ते १२ टक्के हवा. मूठभर भुसा आवळून सोडा. लाडू तसाच राहिला तर तो अजून ओला आहे. यंत्रात त्याची वाफ होते आणि ब्रिकेट तडकून बाहेर पडते. स्क्रू-प्रेसचा, म्हणजे माल स्क्रूने रेटून दाबणाऱ्या यंत्राचा, स्क्रू झिजतो, त्याच्या दुरुस्तीचा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

मिश्र कचरा तसाच जाळून वीज करण्याचा प्रस्ताव कोणी आणला तर त्याला धुराचं विचारा. धूर ८५० अंशांवर किमान दोन सेकंद राखणं आणि नंतर गाळणं वस्तीच्या आकारात परवडत नाही, आणि प्लास्टिक त्याखालच्या तापमानाला जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात.

दोन्ही कचरा असेल तर ओल्यासाठी टाकी आणि सुक्यासाठी ब्रिकेट ही जोडी बसते. वाळका पाला टाकीत ढकलू नका, वर साय धरून गॅसची वाट अडते. जनरेटरचा चौथरा हवा तर आखून ठेवा, पण जनरेटर घ्या तो वर्षभर रोजच्या गॅसची नोंदवही भरल्यावर, त्यातही थंडीचे महिने पाहून.