पत्रा की ओतीव? सिंबल घेण्याआधी

ऑक्टोबर 2025 मध्ये रश या कॅनडाच्या रॉक बँडने पुन्हा दौऱ्यावर निघायचं जाहीर केलं. त्यांचा आधीचा ड्रमर नील पीअर्टच्या जागी अनिका निल्स ही जर्मन ड्रमर बसणार हेही कळलं, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने वर्गात पाऊल टाकताच विचारलं, "ताई, ती सिंबल कुठले वाजवते?" तिच्या हातांबद्दल, त्या अवघड गाण्यांबद्दल एक शब्द नाही. कारण साधं होतं. त्याच्या ड्रमसेटसोबत आलेले पितळी सिंबल, म्हणजे स्टँडवरच्या झांजा, त्याला नकोसे झाले होते, हातात थोडे पैसे जमले होते आणि कोणाची तरी नक्कल करून तो मोकळा होणार होता.

निल्स माइनल या कंपनीचे सिंबल वाजवत आली आहे. तिच्यासोबत तयार केलेली 18 इंची 'डीप हॅट्स' ही हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटवायच्या दोन झांजांची जोडी, त्या कंपनीने काढली होती. आता गंमत बघा. ज्या पीअर्टच्या खुर्चीवर ती बसते, तो वर्षानुवर्षं झिल्जियनवर होता आणि नंतर सेबियनकडे जाऊन त्याने त्यांच्यासोबत पॅरागॉन मालिका घडवली. डेव्ह वेकलही झिल्जियनकडून सेबियनकडे गेला. विनी कोलायुटा झिल्जियन सोडून पाइस्टीकडे गेला. डोळे मिटून ऐकलं तर तिघेही आधी जसे ओळखू येत होते तसेच नंतरही येतात. कोण कुठल्या कंपनीत गेला ही बातमी मीही चवीने वाचते, पण त्या बातमीवरून सिंबल घेऊ नयेत. मोठ्या ड्रमरला कंपनी दहा राइड (ताल धरायचे मोठे सिंबल) पुढ्यात ठेवून त्यातला एक उचलू देते. आपल्यासमोर बहुतेक वेळा एकच असतो.

मग बघायचं काय? आधी धातू.

स्वस्त संचात मिळतं ते पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आवाज येतो, पण तो भांड्यावर डाव मारल्यासारखा आणि मारल्या मारल्या संपणारा. हात बसेपर्यंत ठीक आहे. खरी निवड पुढे सुरू होते आणि ती कासेच्या दोन प्रकारांत असते. एकाला बी-8 म्हणतात, म्हणजे 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथील. दुसरं बी-20, म्हणजे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. मधे बी-10, बी-12 असेही आहेत, पण दोन टोकं समजली की मधलं आपोआप समजतं.

बी-8 मऊ. शीर्षकातला 'पत्रा' तो हाच. थंड असतानाच त्याचा पत्रा लाटता येतो, त्या पत्र्यातून गोल चकत्या कापायच्या, मधला उंचवटा म्हणजे बेल दाबून काढायची, ठोकायचं, लेथवर कातायचं. बी-20 म्हणजे 'ओतीव', त्याचं तसं नाही. इतकं कथील घातलेलं कासं थंडपणी लाटायला गेलात तर फुटतं. म्हणून आधी ओतून जाड वडी करतात, भट्टीत लाल करून लाटतात, परत भट्टी, परत लाटणं. शेवटी तापलेला सिंबल पाण्यात बुडवतात. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. हे कासं उलट नरमतं आणि मग कुठे हातोड्याला दाद देतं. एवढी खटपट केल्यामुळे किंमत वाढते. व्यावसायिक दर्जाचा एक ओतीव राइड अख्ख्या सुरुवातीच्या संचाहून महाग पडतो तो उगाच नाही.

कानाला फरक असा लागतो. बी-8 सरळ बोलतो, चकचकीत, उंच सुराचा, मारला की लगेच पुढे येतो. बी-20 मध्ये एका फटक्यात बरेच सूर मिसळलेले असतात. आवाज उघडायला किंचित वेळ घेतो आणि विरतानाही रंग बदलत जातो. पट्टीचे ड्रमर त्याला 'डार्क' म्हणतात. शब्द फार वापरून गुळगुळीत झालाय, पण दुसरा सापडत नाही.

इथपर्यंत वाचून "म्हणजे बी-20 चांगला, बी-8 हलका" असं ठरवलंत, तर थांबा. नेमकी हीच चूक मी स्वतः कितीतरी वर्षं शिकवली. पाइस्टीची 2002 ही मालिका 1971 मध्ये आली आणि ती बी-8ची आहे. तोच धातू सुरुवातीच्या संचांतही असतो. लेड झेपेलिनच्या जॉन बोनमच्या 24 इंची राइडवर आणि 15 इंची साउंड एज हाय-हॅटवर काठी पडताना ऐका आणि मग पत्र्याला हलकं म्हणा. दुसरीकडे, जॅझ ड्रमर टोनी विल्यम्सच्या 22 इंची जुन्या के झिल्जियनवरचा तो कोरडा, काठीचं लाकडी टोक ऐकू येणारा राइड कुठलाही पत्रा देणार नाही. धातूने आवाजाची जात ठरते, दर्जा ठरतो कामाने: किती ठोकलंय, कसं कातलंय, जाडी कडेकडे कशी उतरवलीय. स्वस्त बी-8 स्वस्त वाटतो तो हे काम यंत्राने पटकन उरकलेलं असतं म्हणून.

बी-8चा एक फायदा दुकानात उभं राहून लक्षातच येत नाही. तो एकसारखा असतो. क्रॅश (जोराच्या ठोक्याचा सिंबल) फुटला आणि तोच मॉडेल नवा आणला, तर जुन्याचा जुळा भाऊ आल्यासारखं वाटतं. ओतीव सिंबलचं तसं होत नाही. एकाच नावाचे, एकाच मापाचे दोन 20 इंची राइड तराजूवर ठेवले तर वजनात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज निघतो, आणि तो फरक कानाला कळतो. ज्याला प्रेम करायचंय त्याच्यासाठी ही मजा आहे. ज्याचे वर्षाला दोन क्रॅश फुटतात त्याच्यासाठी कटकट.

कंपन्यांबद्दल थोडक्यात, कारण हा भाग लोक उगाच धर्मयुद्धासारखा लढतात. झिल्जियन हे नावच तुर्की-आर्मेनियन, अर्थ 'सिंबल घडवणाऱ्याचा मुलगा'. 1623 पासून चालत आलेलं घराणं. 1929 मध्ये अमेरिकेत कारखाना सुरू झाला, 2023 मध्ये चारशे वर्षं झाली. त्यांचा 'ए' उजळ आणि सगळीकडे चालणारा, 'के' जास्त ठोकलेला, खोल. कंपनी चालवणारे वडील अवेडिस 1979 मध्ये गेल्यावर भावाभावांत फाटलं आणि रॉबर्ट झिल्जियनने 1981 मध्ये कॅनडात सेबियन काढली. नाव मुलांच्या नावांतली अक्षरं जोडून केलं. इस्तंबूलमध्येही तेच झालं. 1996 मध्ये तिथल्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी अगोप गेले आणि एका कंपनीच्या इस्तंबूल अगोप आणि इस्तंबूल मेहमेत अशा दोन झाल्या. घरं फुटली की सिंबलच्या कंपन्या वाढतात, असं आम्ही वाजवणारे गमतीने म्हणतो. पाइस्टी स्विस, पत्र्यातलं काम त्यांच्यासारखं कोणाचं नाही. माइनल जर्मन, पण त्यांची बायझन्स मालिका तुर्कस्तानात ठोकली जाते. सगळ्याच ठिकाणी उत्तम माल आहे आणि सगळ्याच ठिकाणी टाकाऊ मालही आहे. नावावर भांडायचं असेल तर चहा पिताना भांडावं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही कुठे वाजवणार?

छोट्या खोलीत, घरात, किंवा माइक लावून रेकॉर्ड करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: पातळ, ओतीव, खोल आवाजाचे घ्या. छोट्या जागेत चकचकीत पत्रा भिंतींवर आपटून परत कानात येतो. रेकॉर्डिंगमध्ये तर हाय-हॅटचा आवाज स्नेअरच्या माइकमध्ये घुसतो, आणि हाय-हॅट जितकी उजळ तितका स्नेअर नंतर सावरायला अवघड. मिक्स करणाऱ्याच्या शिव्या आपल्याला ऐकू येत नाहीत, पण त्या असतात. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी भोकं पाडलेले, आवाज कमी करणारे सिंबल मिळतात. सरावाला उत्तम, पण त्यावर आपला कान घडत नाही. ई-ड्रमचा मामला वेगळा आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

दोन गिटार पूर्ण आवाजात, मोकळं मैदान, मंचावर सिंबलला वेगळा माइक नाही अशी तुमची गत असेल तर चित्र उलटतं. ज्या के राइडवर मी घरी जीव टाकते तो अशा मंचावर नुसता धूर होऊन जातो: सगळीकडे आहे, पण एकही ठोका दिसत नाही. तिथे 2002 सारखा चांगला बी-8 किंवा जाडसर ओतीव हवा, बेल ठणठणीत हवी. जाड सिंबलचा सूर वर जातो, आवाज मोठा होतो. पातळ लवकर उघडतो आणि लवकर विरतो. म्हणून राइड जाड चालतो, पण क्रॅश जाड घेऊ नका. जाड क्रॅश उघडायला जोर लागतो, जोर लावला की मनगट जातं.

दोन्हीकडे वाजवणाऱ्यांनी मधलं काहीतरी शोधत बसू नये. राइड खोल आवाजाचा ओतीव घ्या आणि मंचासाठी क्रॅश उजळ ठेवा. असा मिश्र संच दिसायला बेंगरूळ, पण कंपनीचा शिक्का मागच्या रांगेतून कोणाला दिसत नाही.

आणि पैसे थोडेच असतील तर? मग संच घेऊच नका. हाय-हॅट आधी घ्या. बहुतेक गाण्यांत काठी सर्वांत जास्त तिथेच पडते. क्रॅश चार ओळींनी एकदा. तरी लोक क्रॅशपासून सुरुवात करतात, कारण तो मारायला भारी वाटतो. हाय-हॅट बघताना काठीने वाजवण्याआधी पायाने मिटवून ऐका. 'चिक' स्वच्छ आला पाहिजे, फुसका श्वास सोडल्यासारखा नाही. खालची झांज वरच्यापेक्षा जड असेल तर तो चिक चांगला येतो. हाय-हॅटनंतर राइड, आणि क्रॅश सर्वांत शेवटी.

दुकानात स्वतःच्या काठ्या घेऊन जा. लाकडी टोक आणि नायलॉनचं टोक यांनी एकच राइड दोन वेगळे राइड वाटतात. आधी अगदी हळू वाजवा. जोरात सगळेच सिंबल बरे वाटतात; हळू वाजवताना जो मुका राहतो तो घरी नेऊ नका. आणि कोणाला तरी वाजवायला लावून तुम्ही दहा पावलं मागे उभे राहा किंवा फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. बसल्या जागी जो राइड कर्कश वाटतो तो लांबून नेमका वाटू शकतो.

वापरलेला ओतीव सिंबल नव्या पितळी सिंबलपेक्षा केव्हाही बरा. मात्र मी एकदा फसले ते सांगते. 18 इंची क्रॅश, नावाजलेली मालिका, निम्म्या किमतीत. मी तो बोटावर टांगला, टिचकी मारली, सुंदर विरला, पैसे दिले. घरी स्टँडवर चढवताना दिसलं की मधलं भोक गोल नव्हतंच. एका बाजूने खाल्लेलं, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं. आधीच्या मालकाने प्लास्टिकची नळी न घालता वर्षानुवर्षं लोखंडी दांड्यावर तो वाजवला होता. वर मी काय केलं? तो डुलतोय म्हणून विंगनट घट्ट आवळला. सिंबलला डुलू दिलं नाही तर फटक्याचा जोर जायचा कुठे? दोन महिन्यांत भोकापासून केसाएवढी चीर निघाली. दोष विकणाऱ्याचा थोडा आणि माझा जास्त.

तेव्हापासून वापरलेला सिंबल घेताना मी आधी भोक बघते, मग कडेवरून नख फिरवते. नख अडकलं तर तिथे चीर असते, डोळ्यांना दिसत नसली तरी. मग कड अगदी हलक्या हाताने वाजवते. शेवटच्या विरणाऱ्या भागात माशीसारखी भुणभुण आली तर परत ठेवते. काळपट डाग, बोटांचे ठसे, पुसलेला शिक्का यांची मला फिकीर नाही. उलट घासून घासून आरशासारखा केलेला जुना सिंबल दिसला की संशय येतो.

त्या मुलाने शेवटी निल्सचा नाद सोडला. 14 इंची वापरलेली ओतीव हाय-हॅट घेतली, भोकं माझ्यासमोर तपासून. आता तो तासभर नुसता पायाने चिक-चिक करत बसतो आणि आपणहून मेट्रोनोम लावतो, जे मी दोन वर्षं ओरडून होत नव्हतं. राइडसाठी पैसे जमवतोय. क्रॅश मात्र अजून तोच पितळी आहे. त्याचा हात तिकडे वळला की मी डोळे मिटून घेते.